एक्केचाळीस नंबरचा मळ

बुधवार, ४ तारीख

पाच दिवसांत एक नाणं. एक! तेही अर्धंच, मागची बाजू अजून तशीच हिरवीगार आहे. पाच दिवसांत मी अख्खं म्युझियम दोनदा पुसून काढते, जिन्याचा पितळी कठडा असा घासते की त्यात बघून भांग पाडावा, आणि ही बाई मला म्हणते, "घाई कसली? ते दीड हजार वर्षं थांबलंय, तू एक दिवस थांब." मी म्हटलं, ते थांबलंय कारण त्याला घरी जाऊन स्वयंपाक करायचा नाही. यावर हसली. मी काही विनोद केला नव्हता.

मी सफाईवाली. बावीस वर्षं इथे फरशा पुसतेय. नाण्यांशी माझा संबंध काय? पण मागच्या वर्षी गटाराचे पाइप टाकायला खणलं तेव्हा एक फुटकं गाडगं निघालं, आणि त्यात दोन मुठींएवढा हिरवा गोळा. तो गोळा म्हणजे एकमेकांना चिकटलेली काशाची नाणी. या बाईने वर्षभर बसून ती सुटी केली. एकशे बारा भरली. आता ती साफ करायची, आणि बाईला मदतनीस नाही, दोन वर्षं जागा रिकामी आहे. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुझा हात चांगला आहे, कठडा बघतो ना मी रोज. दुपारनंतर बाईंकडे बसत जा." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मला काय ठाऊक की साफ करणं म्हणजे साफ न करणं!

बाईला सगळे भिंगवाली म्हणतात. गळ्यात काळ्या दोरीला भिंग असतं. ते स्वतः कधी लावत नाही, माझ्या हातात देते. हुकूम सोडायला बरं असतं.

ही वही का, तेही लिहिते. नाण्यांची एक नोंदवही आहे, एका नाण्याला एक पान. तारीख, काय केलं, काय दिसलं. पहिल्याच दिवशी मी लिहिलं, "नंबर सदतीस. दोन तास टोकरलं. कणभर निघालं. बाई दोनदा ओरडली. कंबर धरली." बाईने वाचून दाखवायला लावलं आणि पान टरकन फाडलं. "ही नाण्याची वही आहे, तुझ्या कंबरेची नाही. तुझं तू घरी वेगळं लिही." चौथीपर्यंत शिकलेय मी, लिहिता येतं. तर हे घ्या, लिहिलं.

शुक्रवार, ६

कामाची पद्धत सांगते म्हणजे कळेल मी का वैतागते. नाणं आधी बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात ठेवायचं. नळाचं चालत नाही, त्यात मीठ असतं म्हणे. ते पाणी दर दिवशी बदलायचं. मग नाणं कापडावर ठेवायचं, भिंग लावायचं, आणि साळिंदराच्या काट्याने मातीचा एकेक कण उचलायचा. घासायचं नाही, उचलायचा. माती संपली की खाली हिरवं लागतं. तिथे हात थांबवायचा. हिरव्याला हात लावायचा नाही!

मी विचारलं, "हिरवं म्हणजे मळच ना?"

"मळ नाही. ती त्याची कातडी आहे."

"कातडी माणसाला असते."

"मग समज, माणूस आहे."

काही नाणी आजारी आहेत. त्यांच्यावर पांढुरकी हिरवी भुकटी येते, बुरशीसारखी, बोटाने उडते. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो म्हणून ती वेगळ्या डब्यात, सोबत नव्या चपलांच्या खोक्यात येतात तसल्या दाण्यांच्या पुड्या. रोज सकाळी मी त्यांची हजेरी घेते. अठरा आजारी, त्यांतली तीन सिरियस. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "डबा पाठव त्यांना, पथ्याचा." त्याला सगळ्याची मस्करीच सुचते.

आणि सारखं आपलं, "काय दिसतं? बोल." मी सांगायचं. "डावीकडे काय? टोक आहे की गोल? कडेला ठिपके किती?" तिसरीतल्या मास्तरांसारखी. तिला दिसत नाही का? समोर तर आहे. मुद्दाम परीक्षा घेते, मी चौथी पास म्हणून.

सोमवार, ९

आज साहेब खाली आले. येता येता कठड्यावरून हात फिरवून आले, ते मी बघितलं.

२९ तारखेला नवं दालन उघडायचं आहे, रविवारी. मोठे पाहुणे. मधोमध काचेच्या पेटीत ही नाणी. साहेबांनी डबे उघडून बघितले आणि तोंड वाकडं केलं. "बाई, लोक काय बघायला येणार? हिरवे खडे?"

"हिरवी नाणी बघायला येतील, साहेब."

"चमक नको का थोडी?"

"चमक हवी तर बटणं मांडा."

मी हसू दाबलं. साहेबांनी दाबलं नाही, ते हसलेच नव्हते. म्हणाले, "एकशे बारांतली किती झाली?"

"नऊ."

"आणि तुमची किती राहिली? नोकरीची म्हणतोय."

"चौदा महिने."

"मग हे काम तुमच्या हयातीत होणार नाही," असं म्हणून निघाले. दारात मला म्हणाले, "तू शिकव जरा बाईंना, कठडा कसा करतात ते."

भिंगवालीने डबे बंद केले. मला मात्र साहेबांचं पटलं. लग्नात पितळेचा हंडा आला तेव्हा काळा कुळकुळीत होता, मी लिंबू-मीठ लावून अर्ध्या तासात सोन्यासारखा केला. सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या. वस्तूला कळा आणायची असते. घाण ठेवून तिची पूजा करायची हे कुठलं शास्त्र?

मंगळवार, १०

या बाईच्या सवयी एकेक. नाणं हातात घेतलं की खालच्या ओठाला लावते आणि हळूहळू फिरवते. मेलेल्या कुणाकुणाच्या हातचं, गटारातलं! मी म्हटलं, "बाई, तुम्हीच सांगता विषारी असतं." म्हणते, "ओठाला बोटापेक्षा जास्त कळतं." चहा ओतताना कपाबाहेर ओतला, टेबलावर. मी पुसला. ड्रॉवर मी उघडा ठेवला होता तर त्यावर मांडी आपटली आणि मलाच बोलली, "वस्तू जागच्या जागी ठेवायला किती पैसे पडतात?" बावीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं, वस्तू जागच्या जागी ठेवण्याबद्दल तर नाहीच.

एक गोष्ट बरी झाली. एक्केचाळीस नंबरवर, ज्याच्या मध्ये एक माणूस उभा दिसतो, मी काटा चालवत होते तर कडेला मातीखालून काहीतरी वळणदार आलं. सांगितलं. बाई एकदम उठून उभी राहिली. "वळण उजवीकडे की डावीकडे? पुन्हा बघ. घाई करू नकोस." तीनदा बघायला लावलं. अक्षरं असणार म्हणाली. बाकी नाण्यांवर कडेला अक्षरं नाहीत. नाण्यांचे एक प्राध्यापक आहेत, त्यांना तिने मलाच चिठ्ठी लिहायला लावली, स्वतः सांगत गेली. ते १९ ला येणार. तोवर फोटोवाला येईल, तोवर एक्केचाळीसला हात लावायचा नाही. तिने माझा खांदा दाबला. जरा जोरातच दाबला.

गुरुवार, १२

बाई काल आणि आज रजेवर. दवाखान्याचं काम म्हणाली. कुठलं, काय, सांगितलं नाही.

मी एकटी खाली. साहेब आले. खुर्ची ओढून बसले, माझ्याशी असे कधी बसत नाहीत. म्हणाले, "एखादं तरी करून दाखव गं. बाईंना पटेल. प्रत्यक्ष बघितल्यावर कुणालाही पटतं." मी म्हटलं, बाई रागावतील. म्हणाले, "मी आहे ना." आणि गेले.

मी एक्केचाळीस घेतलं. कारण सगळ्यात चांगलं तेच होतं. अक्षरं लखलखीत निघाली असती, प्राध्यापक बघतच राहिले असते, बाईचं तोंड बंद झालं असतं. माझ्या मनात हे होतं, ते मी लिहिते. चोरीचं काही नव्हतं.

बादल्यांच्या खोलीत नेलं. लिंबू, मीठ, आणि कठड्याची पावडर चिमूटभर. हिरवं पाणी निघालं, बघून समाधान झालं. मी घासत गेले. खाली लाल दिसलं, मग गुलाबी, मग छान झळाळी. धुतलं, पुसलं, भिंग लावलं.

काहीच नव्हतं. मधला उभा माणूस नव्हता. कडेची वळणं नव्हती. खड्ड्याखड्ड्यांची चकती, वॉशरसारखी. मी मागची बाजू बघितली, मग पुन्हा पुढची. मला वाटलं मी दुसरंच उचललं. डब्यावरचा नंबर वाचला. मोरीत बघितलं, माणूस काय मोरीत पडणार आहे? पण बघितलं. हिरवं पाणी जाळीतून गेलेलं.

म्हणजे माणूस त्या हिरव्यातच होता. खाली धातूत तो कधीच विरघळून गेला होता. मळ म्हणून मी जे काढलं तेच नाणं होतं.

शुक्रवार, १३

आज काही नाही. कठडा केला नाही. साहेब जिन्यावरून गेले, मी पोछा घेऊन दुसरीकडे वळले. त्यांनीही काही विचारलं नाही.

सोमवार, १६

बाई आली. काळा चष्मा घालून. म्हटलं, फॅशन सुचतेय या वयात. मनात म्हटलं.

आल्या आल्या म्हणाली, "एक्केचाळीस दे."

डब्यातून काढून दिलं. आता फुटणार, ओरडणार, मी तयार होते. एका अर्थी सुटणार होते. तिने ओठाला लावलं. फिरवलं. थांबली. पुन्हा फिरवलं. खिडकीकडे तोंड केलं.

मग म्हणाली, "काय दिसतं?"

आता ही माझी थट्टा करते की काय? उजेडात लखलख करतंय, आणि विचारते काय दिसतं! माझ्या तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, "हिरवं आहे. मध्ये माणूस उभा आहे. कडेला वळणं."

"नक्की?"

"हो."

तिने नाणं मुठीत धरून ठेवलं.

"बरं," म्हणाली. "लिही मग."

मी नोंदवहीत तसं लिहिलं. तिने बोट कुठे ठेवायचं विचारलं आणि खाली सही केली. नाणं डब्यात ठेवायला माझ्याकडे दिलं. दिवसभरात एकदाही "काय दिसतं" विचारलं नाही.

सुटले, असं मला वाटायला पाहिजे. वाटत नाही.

गुरुवार, १९

प्राध्यापक आले. बारीक अंगाचे, पिशवीत स्वतःचा दिवा घेऊन. साहेब सोबत. मी कोपऱ्यात पोछा धरून उभी.

बाई म्हणाली, "एक्केचाळीस आधी नको, बाकीची बघा..." पण साहेबांनी डबा उघडलाच. आणि काय सांगू, साहेबांचा चेहरा खुलला! "अरे वा! हे बघा, याला म्हणतात नाणं! असं सगळं पाहिजे मला. कोणी केलं हे?" आणि माझ्याकडे बघून हसले. माझ्या जिवात जीव आला. सात दिवसांत पहिल्यांदा. मी केलं म्हणायला तोंड उघडलं देखील.

तेवढ्यात प्राध्यापकांनी नाणं दिव्याखाली धरलं आणि म्हणाले, "पण यावर काहीच नाही."

त्यांनी नाणं उलटून बघितलं.

"बाई, तुम्ही लिहिलं होतंत अक्षरं आहेत. मी एवढ्या लांबून..." त्यांचा आवाज चढला नाही, उतरला. तेच वाईट. "हे घासलंय कुणीतरी. भांडी घासतात तसं."

साहेबांचं हसू कुठे गेलं कुणास ठाऊक. नोंदवही मागितली. वाचलं. "सोमवारची नोंद. हिरवं आहे, माणूस उभा आहे. खाली सही तुमची. बाई, हा काय प्रकार आहे?"

मी बाईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"माझ्या हातून झालं," ती म्हणाली. "मी केलं. आणि खोटी नोंदही मीच केली."

"तुम्ही? तुम्ही घासलंत?"

"हो."

"अक्षर तर हिचं आहे."

"मी सांगते, ती लिहिते."

साहेबांना सगळं ठाऊक होतं. मला कुणी खुर्ची ओढून सांगितलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. ते छताकडे बघत राहिले, जणू गळतंय तिथे. आणि मी? मी पोछा पिळत उभी. बावीस वर्षं ज्याला त्याला तोंडावर बोलणारी मी. दूधवाल्याला, नणंदेला, साहेबांच्या ड्रायव्हरला. एक शब्द फुटला नाही.

संध्याकाळी बाईला मेमो दिला. नाण्यांचं काम काढून घेतलं. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं.

शुक्रवार, २०

साहेबांनी वर बोलावलं. कपाटाची किल्ली माझ्यापुढे ठेवली.

"प्राध्यापकांनी सहा बाजूला काढलीत, त्यांचे ते फोटो काढून नेणार. उरलेल्या एकशे पाचांवर विशेष काही नाही, एकाच छापाची आहेत. ती तू चमकव. रविवारच्या आत. दोन-चार बादल्या, लिंबू, काय लागेल ते स्टोअरमधून घे."

मी म्हटलं, "साहेब, पण खाली काही राहत नाही."

"कशाला राहायला पाहिजे? पेटी उंचावर आहे. लोकांना लांबून लखलखाट दिसला की झालं." मग जरा पुढे वाकून, "आणि ते त्या दिवशीचं. आपलं काही बोलणं झालं नव्हतं, बरं का. तुलाही त्रास नको."

मी किल्ली घेतली. हो म्हटलं की मान हलवली, आठवत नाही.

चार तारखेला मी काय लिहिलं होतं ते आज वाचलं. एकदाचं घासून टाकू द्या, हेच माझं गाऱ्हाणं होतं. आता किल्ली माझ्याकडे, बाई घरी, विचारायला कोणी नाही. खाली जाऊन कपाट उघडलं. आजाऱ्यांची हजेरी घेतली, पुड्या बदलल्या, पाणी बदललं. कपाट बंद करून घरी आले.

रविवार, २२

बाईंच्या घरी गेले. तिसरा मजला. बेल वाजवली तर आतून, "दार उघडंच आहे." दुपार असून खोलीत पडदे ओढलेले. म्हटलं, काटकसर. पण दिवाही नाही आणि पडदाही नाही उघडत, ही कसली काटकसर?

"कोण?"

"मी."

"पायांवरून कळलं. टाचा आपटत चालतेस. बस."

त्यांनीच चहा केला. गाळताना कपात बोट बुडवून बघितलं कुठवर आलाय. मला किळस यायला पाहिजे होती. मी बिस्किटं नेली होती, बशीत काढली आणि पुढे केली. त्या समोर बघत होत्या, बशी नाकासमोर होती. घेतली नाही. मी बशी तशीच धरून राहिले. हात दुखेपर्यंत धरली.

मग म्हटलं, "बाई, कधीपासून?"

त्यांना कळलं मी काय विचारते. "डावा दोन वर्षं झाली. उजव्याला उजेड-अंधार कळतो. आता तेवढंही किती दिवस, डॉक्टर सांगत नाहीत."

"मग ते काय दिसतं, काय दिसतं..."

"तुला काय वाटलं?"

"परीक्षा घेताय."

हसल्या. हसताना चष्मा काढून डोळे पुसले. "अगं, मी तुझ्या डोळ्यांनी काम करत होते. तू इतकी वैतागून सांगायचीस की खोटं असणं शक्यच नव्हतं."

मी खाली बघितलं. त्यांना दिसत नाही तरी बघितलं. "एक्केचाळीस कळलं होतं तुम्हाला?"

"ओठाला लागल्याबरोबर. साबणाची वडी."

"मग लिही का म्हणालात?"

"थांबले होते. तू खरं सांगशील म्हणून. सही करेपर्यंत थांबले."

हे ऐकून मला राग आला, हे लिहून ठेवते. लाज वाटायला पाहिजे होती, आधी राग आला. म्हटलं, "मला ओरडायचं ना! थोबाडीत द्यायची! असं थांबून थांबून माणसाला मारता तुम्ही!"

"नाण्यांशी राहून सवय लागली."

"आणि स्वतःवर का घेतलंत?"

"मी जाणारच आहे. डोळ्यांचं ऑफिसात कळलं असतं तर आधीच घरी बसवलं असतं. तू गेलीस तर त्या कपाटाकडे बघणारं कोण? साहेब? त्या खोलीत आता काय ते तुझेच हात उरलेत."

"ज्या हातांनी वाट लावली तेच?"

"दुसऱ्या कुणाचे असतील तर सांग."

मग मी एकशे पाचांचं सांगितलं. बादल्या, लिंबू, रविवार. त्यांनी कप खाली ठेवला.

"तू नाही म्हण," त्या म्हणाल्या. "बाकी तोंड उघडू नकोस. एक्केचाळीसचं बोलायचं नाही, तुला शपथ आहे."

"मी नाही म्हटलं तर दुसऱ्याला देतील. बादली काय, कुणीही भरतं."

निघताना माझे हात हातात घेतले आणि एकेक बोट चाचपून बघितलं. अंगठ्याला काटा लागलेला होता, तिथे थांबल्या. "हळू धरत जा," म्हणाल्या.

सोमवार, २३

नवरा म्हणतो, गप्प बस. "बाईने स्वतःहून घेतलंय ना अंगावर? मग तू कोण मोठी लागून गेलीस? एका बिल्ल्यासाठी नोकरी घालवणार? उद्या ती बाई तुला पोसणार आहे?"

मी म्हटलं, तो बिल्ला मी केलाय. आधी ते नाणं होतं.

"तुला त्यातलं काय कळतं?"

हेच तर. काही कळत नाही. तो उभा माणूस कोण, राजा की देव की कोण, मला ठाऊक नाही. अक्षरं काय म्हणत होती ते आता कुणालाच कळणार नाही, कारण शेवटची मी बघितली आणि मला वाचता येत नव्हती. रात्रीपर्यंत भांडलो. लेक मधे पडली. ती म्हणाली, "आई, तू आजवर कुणाचं ऐकलंयस? मग आज बाबांचं कशाला ऐकतेस?" नवरा तिच्यावर चिडून बाहेर गेला.

भीती वाटते. बावीस वर्षं आहेत. बाईंनी शपथ घातलीय तीही आहे. नोकरी गेली तर तिथे कोणीच राहणार नाही, हे त्यांचं खरंच आहे. पण गप्प राहून मी तिथे राहिले तर काय म्हणून राहणार? साहेबांचा हात म्हणून.

मंगळवार, २४

पत्र दिलं. साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि एक प्रत आवक-जावकच्या बाईकडून शिक्का मारून घेतली. लेकीने शुद्धलेखन बघितलं, शब्द बदलू दिला नाही. इथे उतरवून ठेवते.

"साहेब,

एक्केचाळीस नंबरचं नाणं मी घासलं. बारा तारखेला, बादल्यांच्या खोलीत, लिंबू-मीठ आणि कठड्याच्या पावडरीने. बाई त्या दिवशी रजेवर होत्या, हजेरीपटात बघा. तुम्ही खुर्चीवर बसून मला करून दाखव म्हणालात. तुम्ही म्हणता बोलणं झालं नव्हतं. झालं होतं. पण घासलं मी, तुम्ही हात धरून घासायला लावलं नव्हतं, म्हणून माझं ते माझं.

सोळा तारखेची नोंदही माझी. बाईंनी विचारलं काय दिसतं, मी खोटं सांगितलं. त्यांनी माझ्या शब्दावर सही केली. नोंदवहीत मी आज त्याच पानावर खाली खरं लिहिलं आहे आणि माझी सही केली आहे. जुनं खोडलेलं नाही, बाई खोडू देत नाहीत.

बाईंनी स्वतःवर घेतलं ते खरं नाही. त्यांचा मेमो परत घ्या. मला द्या, मी घेईन.

उरलेली एकशे पाच नाणी कपाटात आहेत, एकेक आपल्या नंबरच्या डब्यात. आजारी अठरा वेगळी. किल्ली तुम्ही मला दिलीत, माझ्याकडे आहे, आणि मी ती बादलीसाठी देणार नाही. नाण्यांवर काही विशेष नाही असं तुम्ही म्हणालात. एक्केचाळीसवर काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही. ती हिरवीच मांडा. लोकांनी विचारलं तर मी पेटीजवळ उभी राहून सांगेन हिरवं का ठेवलं. मला सांगता येतं, मी करून बसले आहे.

बाईंना काम करता येईल का, कसं, ते त्यांच्याशी बोला. मी त्यांच्याजवळ बसायला तयार आहे, दुपारनंतर नाही, पूर्ण दिवस. फरशा दुसरं कुणीही पुसेल.

या पत्राची प्रत प्राध्यापकांना टपालाने पाठवली आहे. त्यांचा पत्ता बाईंनी मला लिहायला लावला होता तेव्हाचा माझ्याकडे आहे.

बाईंचा मेमो परत घेता की नाही, आणि नाणी तशीच ठेवता की नाही, याचं उत्तर मला शुक्रवारी, २७ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत पाहिजे. नाही आलं तर रविवारी पाहुणे येतील तेव्हा मी दारात उभी असेन आणि जे इथे लिहिलंय ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. माझा आवाज कसा आहे तुम्हाला ठाऊक आहे, वरच्या मजल्यापर्यंत जातो.

उत्तर लेखी द्या. तोंडी सांगितलेलं मी एकदा ऐकलं आहे."